ओटीलगतची खोली

आमच्या आपाने मला फोनवर ‘मक्की’ म्हणायला सुरुवात केली, त्याला आता सहा-सात वर्षं झाली असतील. आपा म्हणजे माझी थोरली बहीण. ती रत्नागिरीकडे, खाडीकाठच्या आमच्या गावात. मी इथे चेन्नईला, वेलचेरीत मुलाकडे. असरची, म्हणजे दुपार कलतानाची, नमाज झाली की तिचा फोन ठरलेला. थोडा वेळ कुरआन आणि मग गावच्या उखाळ्यापाखाळ्या. खरं सांगू, उखाळ्यापाखाळ्याच जास्त.

मक्की का, तर ऐका. लहानपणी उस्तानीबाईंकडे आम्ही पोरी कुरआन शेवटच्या पाऱ्यापासून, तिसाव्या भागापासून शिकायचो, कारण तिथल्या सूरा, म्हणजे अध्याय, छोट्या. त्या बहुतेक आधीच्या, मक्केच्या दिवसांतल्या. सूर्याची शपथ, ताऱ्याची शपथ, वाचता वाचता पाठ व्हायच्या. लांबलचक सूरा पुस्तकाच्या सुरुवातीला, आणि त्यातल्या बऱ्याचशा अल्लाहकडून मागाहून उतरलेल्या, पैगंबरसाहेब घरदार सोडून मदिनेला गेले त्यानंतरच्या. त्या मदनी. प्रत्येक सूरेच्या डोक्यावर छापलेलंच असतं, मक्की की मदनी. आपाने सगळं कुरआन कितीदा तरी पुरं केलं. माझी शाळा चौथीत सुटली आणि कुरआन छोट्या सूरांवरच अडलं.

“तू मक्कीच राहिलीस गो,” आपा म्हणायची. “एवढ्या मोठ्या शहरात गेलीस, पण जीव अजून खाडीत.”

खोटं नव्हतं ते. नवरा गेल्यावर मुलाने मला इकडे आणलं, तेव्हापासून दर ईदला माझं एकच, पुढच्या ईदला कायमची येते. आपाचाही नवरा गेलेला. तिने ओटीलगतची खोली माझ्यासाठी झाडूनपुसून ठेवली होती. खाट, खाटेवर गोधडी, खिडकीतून खाडी. दुपारी इथे चौथ्या मजल्यावर पंख्याखाली पडलं की डोळ्यांपुढे तीच खिडकी यायची. भरती असेल का आता? सुरमई आली असेल का? असं आपलं चालायचं मनात.

मग मी हट्टाला पेटले. मराठी अर्थ असलेलं कुरआन मागवलं आणि चष्मा लावून, बोट ठेवून, एकेक पान वाचत मदनी सूरांत शिरले. आणि काय सांगू, तिथे तर सगळा संसार! लेकराला दूध किती दिवस पाजावं, तलाक झाला तरी बाईला कसं वागवावं, दुसऱ्याच्या घरात न विचारता शिरू नये. नव्या गावात बिऱ्हाड मांडायचं म्हटल्यावर हे सगळं लागणारच की. एका सूरेत मदिनेच्या लोकांबद्दल आहे. घर सोडून आलेल्यांना त्यांनी आपलं म्हटलं, स्वतःला कमी असतानाही आधी त्यांना दिलं. तिथे माझं बोट थांबलं.

कारण आम्ही आधी तळमजल्यावर राहायचो. मोठ्या पुराच्या वर्षी पाणी घरात शिरलं, गादीपर्यंत आलं. वरच्या मजल्यावरची बाई, तमिळ मुसलमान, तोवर आमची नुसती मान हलवण्यापुरती ओळख. ती जिन्यात उभी राहून ओरडली, “अम्मा, वांगा, वांगा!” म्हणजे या, या. अकरा दिवस आम्ही तिच्या घरी. तिने स्वतःची खाट मला दिली आणि आपण चटईवर झोपली. तिला मराठी येत नाही, मला तमिळ मोडकंतोडकं. पण शुक्रवारी दोघी एकच सूरा वाचतो, तिच्या मांडीवर तमिळ अर्थ, माझ्या मांडीवर मराठी.

गेल्या वर्षी मात्र मी खरंच गावी गेले. पेटी मोठी घेतली होती. मुलाला म्हटलं, परतीचं तिकीट नको काढूस.

आपाने तांदळाच्या भाकऱ्या केल्या, सुरमई तळली. पहिले चार दिवस मी खिडकीतून उठलेच नाही. पाचव्या दिवशी आपाच्या नातसुनेला म्हटलं, “तण्णी आण गं.” ती बघतच राहिली. आपा फसकन हसली. “पाणी मागतेय ती! तिकडची झाली गो आमची मक्की.” मीही हसले. पण शुक्रवार आला तशी मी सकाळपासून फोन हातात घेऊन बसले, वेलचेरीची ती बाई आज कुणाबरोबर वाचत असेल म्हणून.

आपाने ते पाहिलं असणार. संध्याकाळी लाकडी रेहालवर कुरआन उघडून म्हणाली, “‘इज़ा जाअ’ कुठली, सांग. मक्की की मदनी?”

तीन आयतींची सूरा, शेवटच्या पाऱ्यातली, पाचव्या वर्षी पाठ झालेली. मी तोऱ्यात म्हटलं, “मक्की. हे काय विचारणं झालं?”

“डोक्यावर वाच.”

मदनी लिहिलं होतं. साठ वर्षं तोंडपाठ, आणि वर कधी नजरच गेली नव्हती.

“अगदी शेवटी शेवटी उतरलेली,” आपा म्हणाली. “काही जाणकार तर सांगतात, हजच्या वेळी मिनात उतरली.”

“मिना म्हणजे मक्केच्या अंगणातच की! मग मक्की नको?”

“नाही. एकदा घर सोडलं की पुढचं सगळं मदनी, मक्केत उभं राहून उतरलं तरी.” ती पान न बघता माझ्याकडे बघत होती. “आणि मक्का परत हाती आल्यावर पैगंबरसाहेब राहिले कुठे?”

“मदिनेला परत गेले,” मी म्हटलं.

“मग? रडतेस कशाला? मुलाला सांग, तिकीट काढ म्हणावं.”

आता आपाच्या डोळ्यांना काचबिंदू आहे. असरनंतर फोन आला की वाचते मी. सर्वांत लांब सूरा, मदनी, रोज अर्धं पान. अडखळले की तिकडून येतं, “मागे ये, मागे ये, घाई कसली?” परवा वाचून झाल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, ओटीलगतची खोली कशी आहे.

“त्यात मिरच्या पसरल्यात वाळायला,” आपा म्हणाली. मी पानात खूण घालून कुरआन मिटलं. तेवढ्यात तिकडून आलं, “खाटेवर नाही पसरल्या गो. खालीच.”