पडवीतली खोट

हलीमाच्या लग्नाला बावीस वर्षं झाली होती. पण नवऱ्याच्या सगळ्या रजा एकापुढे एक मांडल्या असत्या, तर संसार जेमतेम अडीच वर्षांचा भरला असता. मुबारक बोटीवर आगवाला होता, भट्टीत कोळसा लोटायचा. दीड-दोन वर्षांनी पनवेल बंदरावर लाँचमधून उतरायचा, दोन-तीन महिने राहायचा, की पुन्हा पेटी खांद्यावर. लढाईच्या काळात तर तीन वर्षं त्याची नुसती पत्रं आली, तीही फाटकी, कुणी कुणी उघडून वाचलेली. सासू होती तोवर घरात निदान कटकट होती. ती गेली, मग एकुलती एक मुलगी फहमिदा लग्न होऊन उरणला गेली आणि मोहल्ल्यातल्या त्या कौलारू घरात हलीमाला स्वतःच्याच चपलांचा आवाज ऐकू यायला लागला.

नवऱ्याला पत्र लिहायचं तर काय लिहायचं? ती पडवीबद्दल लिहायची. पडवी रस्त्याला लागून. येणारं-जाणारं सगळं तिच्यातूनच. चिखलाचे पाय तिथेच, ओल्या छत्र्या तिथेच, लाकडांची मोळी, तांदळाची गोणी, शेजाऱ्यांच्या कोंबड्याही तिथेच. ‘आल्या माणसाला पाय ठेवायला जागा नाही. एकदा येऊन पडवी लावून द्या,’ असं ती प्रत्येक पत्राच्या शेवटी लिही. एकदा येऊन राहा, असं लिहायचं असायचं. पण बायकोने नवऱ्याला तसं काही लिहायची त्यांच्या घराण्यात रीत नव्हती.

अठ्ठावन्न सालच्या थंडीत मुबारक आला तो पेटी आणि वळकटी दोन्ही घेऊन. त्याची बोट भंगारात निघाली होती.

“बस झाला आता कोळसा,” तो म्हणाला. “आधी तुझी पडवी.”

दुसऱ्याच दिवशी त्याने पडवी रिकामी केली, खडू घेतला आणि हलीमाला दाराबाहेर उभं केलं.

“आता आत ये. हातात पिशवी आहे असं समज.”

“समजायचं कशाला? आहेच की.”

“आत आल्यावर आधी काय टेकवतेस?”

“पाय.”

तो हसला. तिने त्याला हसवलं होतं! मग त्याने तिला परत बाहेर पाठवलं. बाजारातून आली असती तर, विहिरीवरून आली असती तर, छत्री घेऊन, फहमिदाचं पोर कडेवर घेऊन. तिचा हात भिंतीवर जिथे जाई तिथे तो खडूची फुली मारी. तिथे खुंटी यायची. पाऊल जिथे अडे तिथे रेघ. तिथे पाय धुवायचा दगड. हलीमा त्या दिवशी अकरा वेळा स्वतःच्या घरात आली आणि अकराही वेळा नवरा तिच्याकडे पाहत होता. लग्न झाल्यापासून इतका वेळ त्याने तिला कधी पाहिलं नव्हतं. संध्याकाळी तिचे पाय भरून आले, पण कुणी बाराव्यांदा ये म्हटलं असतं तर ती गेली असती.

काशिराम सुतार आला. सागाच्या सात खुंट्या झाल्या. बसायला बाक झाला आणि बाकाखाली जोड्यांसाठी खण. छत्र्या टांगायला आडवी काठी, तिच्याखाली पाणी झेलायला दगडी पन्हळ. पाऊस नव्हता म्हणून मुबारकने छत्र्यांवर बादलीभर पाणी ओतलं आणि त्या टांगून थेंब कुठे पडतो ते उकिडवं बसून पाहिलं. कोंबड्या अडवायला दाराला खालची अर्धी फळी लागली. तीन आठवडे घरात ठोकाठोक, भुसा, चहा आणि बोलणं होतं. रात्री जेवतानाही दोघं खुंट्यांबद्दलच बोलत.

मग काम संपलं.

त्या दुपारी दोघं जेवली ती न बोलता. दुसऱ्या दिवशीही तसंच. मुबारक सकाळपासून पडवीतल्या बाकावर बसे, रस्ता बघे, दुपारी तिथेच अंग टाकी. आत यायचा तो फक्त जेवायला आणि निजायला. माजघरात आला तर कुठे बसावं ते त्याला कळत नसे. पाहुण्यासारखा भिंतीला टेकून उभा राही आणि परत बाहेर जाई. तिलाही त्याला काय सांगावं ते सुचत नसे.

तिसऱ्या दिवशी तिला भीतीच वाटली. चहा देता देता ती म्हणाली, “खुंट्या जरा उंच झाल्या, नाही?”

तो ताडकन उठला. “कुठली? दाखव.”

खुंट्या बोटभर खाली आल्या. त्यात चार दिवस छान गेले. मग बाक रुंद वाटायला लागला. मग पन्हळीतलं पाणी एका कोपऱ्यात तुंबायला लागलं. ते तुंबावं म्हणून ती तांब्या तांब्या पाणी ओतून बघत होती, ते तिचं तिलाच माहीत. प्रत्येक खोट तिला चार-पाच दिवसांचं बोलणं मिळवून देई.

काशिराम कंटाळला. “भाभी, तुमच्या भिंतीची चाळण झाली. आता खिळा मारला तर शेजारच्यांच्या चुलीवर निघेल.”

करंजाड्याची भामा भाजीची पाटी घेऊन रोज दारावरून जाई आणि घटकाभर पायरीवर टेके. तिने हे सगळं पाहिलं होतं.

“भाभी, तुजा दादला लय सोसतो गो. आमचा आसता तं हातोडा माज्याच टकुऱ्यात घातला आसता.”

“मी काय वाईट बोलते त्यांना?”

“चांगला तरी कवा बोलतेस? आख्खा म्हयना आयकतंय मी, ह्या वाकडा नि त्या तिरका. घरात नुसती खोटच हाय म्हनलं तं बाप्याचा जीव रमल कसा? येकदा बरा म्हन. तोंड झिजनार नाय तुजा.”

भामा पाटी उचलून गेली, पण बोलणं मागे राहिलं. अलीकडे मुबारक गप्प झाला होता, ते हलीमाने पाहिलं होतं. पट्टी हातात घेऊन कितीदा नुसता उभा राही. माझ्या कटकटीने तो विटला, असं तिच्या मनाने घेतलं. रात्रभर तिने वाक्य जुळवलं.

सकाळी चहाची बशी त्याच्यासमोर ठेवली आणि ती एका दमात म्हणाली, “पडवी फार सुरेख झाली. आता काहीसुद्धा खोट नाही तिच्यात.”

मुबारकने वर पाहिलं. “खरं सांगतेस?”

“अल्लाकसम.”

त्याने मोठा श्वास सोडला. अंगरख्याच्या खिशातून घडी घालून घालून मऊ झालेलं पत्र काढलं.

“सारंगाचं आहे, आमच्या बोटीवरच्या मुकादमाचं. येऊन तीन आठवडे झाले. नवीन बोट आहे, तेलावर चालते. कोळसा नाही, काही नाही. मला बोलावलंय. मी कळवलं, बायको बावीस वर्षं एका कामासाठी थांबली, ते तिच्या मनासारखं झाल्याशिवाय हलणार नाही. बिचारा थांबलाय माझ्यासाठी.” तो समाधानाने भिंतीकडे बघत होता. “तू खूश झालीस. आता जायला हरकत नाही.”

 तीन आठवडे हलीमाच्या खोट्या तक्रारींनी त्याला धरून ठेवलं होतं आणि आज तिनेच त्याला सोडलं होतं. तिची नजर भराभर फिरली. खुंट्या हाताशी होत्या. बाक सरळ होता. पन्हळ कोरडी होती. तिने काढलेली प्रत्येक खोट त्याने इतकं मन लावून दूर केली होती की आता धरायला काही उरलंच नव्हतं.

“ती दाराची कडी,” ती म्हणाली.

“काय झालं तिला?”

“जरा सैल वाटते.”

मुबारक उठला. त्याने कडी लावली, काढली, पुन्हा लावली. कडी घट्ट बसत होती. तो वळून तिच्याकडे क्षणभर बघत राहिला, आणि तिला वाटलं, आता हा विचारील. विचारलं असतं तर तिने रीतभात गुंडाळून ठेवून सांगितलं असतं.

“काशिराम बघेल,” तो हळूच म्हणाला आणि आत गेला. जेवायची वेळ नसताना तो आत गेला होता. पेट्या ओढल्याचा, झाकणं उघडल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने त्याने आतून हाक मारली.

“हलीमा, माझी लोकरीची बंडी कुठे असते?”

घरात कुठली वस्तू कुठे असते ते त्याला माहीत नव्हतं. ती उठली आणि काढून द्यायला आत गेली.