दुखायच्या अलीकडे

पावणे गावातल्या एका कारखान्यात मी पॅकिंगला होते. रिकाम्या बाटल्या खोक्यात भरायच्या, खोकं चिकटवायचं, रॅकवर चढवायचं. एका दुपारी वरच्या रॅकवरचं खोकं काढताना पायाखालचं स्टूल कलंडलं आणि मी उजव्या खांद्यावर आपटले. एक्स-रे काढला. हाड मोडलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी हुश्श केलं. महिनाभर हात गळ्यात बांधून ठेवला. सोडला तेव्हा तो वर जाईना.

छातीपर्यंत यायचा आणि आतून कुणी धरून ठेवल्यासारखा अडायचा. वेणी घालता येईना, ब्लाउजची बाही चढेना. कपडे वाळत घालायची दोरी नवऱ्याने खाली बांधून दिली. तिच्याकडे बघितलं की मला राग यायचा.

शेठ म्हणाले, "ताई, आता आराम करा ना. किती काम करणार?"

मी तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होते. म्हटलं, "शेठ, मी थकलेली नाही, पडलेली आहे."

त्यांनी मला लेबलं चिकटवायला बसवलं. बसून करायचं काम. बाकीच्या बायकांना वाटलं, हिची मजा झाली.

मी हट्टाने तो हात कामाला लावायला गेले. दाराची चौकट धरून ओढायचे, दात आवळून वर ढकलायचे. एका ओळखीच्या मालिशवाल्याने तर पाय लावून हात खेचला. त्यानंतर आठवडाभर भाताचा घास तोंडापर्यंत नेता येईना. अशी जवळजवळ तीन वर्षं गेली. सारसोळ्यात, आमच्या आळीत, माझ्या खांद्याचा निकाल लागून गेला होता. "आता तो तसाच राहायचा," असं बायका माझ्यासमोरच बोलायच्या.

जाऊबाईच्या गुडघ्यासाठी तिच्यासोबत एका दवाखान्यात गेले होते. तिथली व्यायाम शिकवणारी मुलगी उलव्याहून यायची. डोक्याला स्कार्फ, पायात स्पोर्ट्स शूज, वय माझ्या लेकीएवढं. जाऊबाईचा गुडघा वाकवता वाकवता ती माझ्याकडेच बघत होती.

"मावशी, तुमी पर्स डाव्या हातानं का काढली?"

सांगितलं सगळं. तिने माझा हात कोपराला धरून हळूच उचलला आणि मी तोंड वाकडं करायच्या आत थांबली.

"इथवर दुखत नाही ना? मग रोज इथवरच. दुखायच्या अलीकडे थांबायचं."

"त्याने काय होणार? मी तर जोर लावून लावून दमले."

"म्हणून तर तो घाबरलाय," ती म्हणाली. "त्याला जरा विश्वास वाटू दे."

मला हसूच आलं. तीन वर्षं दात आवळून जे झालं नाही, ते ही पोर लाडीगोडीने करणार! पण तिने सांगितलेलं सोपं होतं. डावा हात टेबलावर टेकून वाकायचं, उजवा हात मोकळा सोडून घंटेच्या लोलकासारखा झुलवायचा. मग भिंतीसमोर उभं राहून दोन बोटं मुंगीसारखी वर चढवायची. दिवसातून तीनदा, थोडं थोडं.

घरी पुढच्या खोलीतच तेवढी मोकळी भिंत होती. बोटं जिथवर पोचली तिथे मी पेन्सिलीने रेघ मारली. पहिले पंधरा दिवस रेघ तिथेच. मग एक बोटभर वर. मग पुन्हा खाली, कारण उत्साहात जास्त ताणलं होतं. त्या दिवशी मी रडले, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा खालच्या रेघेपासून सुरू केलं. हळू करणं हे माझ्यासारखीला जोर लावण्यापेक्षा कितीतरी अवघड होतं.

दिराच्या मुलीचं लग्न ठरलं आणि घराचं रंगकाम काढलं. रंगारी भिंत घासायला लागला तेव्हा मी आडवी आले.

"हा तुकडा सोडा."

"अहो, मधेच कसा सोडू? डाग दिसेल."

"दिसू दे."

सासूबाई आतून आल्या. "पावनं येतील, भिंत बगतील. काय सांगू त्यांना?"

"सांगा, सुनेचा हात वर चढतोय."

त्यांनी भिंतीकडे बघितलं. रेघा आता कपाळाच्या उंचीला आल्या होत्या. मग रंगाऱ्याला म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे रं. बाकीची कर." हळदीला आलेल्या प्रत्येक बाईने विचारलं आणि मी प्रत्येकीला ते मुंगीचं करून दाखवलं. दोघींनी तिथेच, नेसलेल्या पिवळ्या साडीत, भिंतीवर बोटं चढवून बघितली.

सव्वा वर्ष लागलं. हात कानाशी लागला, वेणी माझी मी घालू लागले. पाठीमागे मात्र तो अजून नीट जात नाही; ब्लाउजचे मागचे हुक काढून पुढून लावून घेतले. त्या व्यायामवाल्या मुलीनेही खोटा धीर दिला नाही. "शेवटचं थोडं राहील कदाचित, मावशी."

शेठकडे गेले. म्हटलं, "मला पॅकिंगवर घ्या."

"परत पडलात तर?"

"स्टूल नीट आणा, मग कोणीच पडणार नाही. आणि खोकी कमरेच्या रॅकवर ठेवा. वर चढवायची गरजच काय?"

ते म्हणाले, जागा नाही. मग मी स्वतःच जेवणाच्या सुट्टीत दोन बायकांना घेऊन खालचा रॅक रिकामा केला. त्यावर जुनी, कुणालाही नको असलेली खोकी होती. शेठनी येऊन बघितलं. परत हलवायला सांगितलं नाही, आणि दुसऱ्या दिवसापासून मला पॅकिंगवर घेतलं.

तिथलं टेबल मला उंच पडतं. म्हणून घरून एक लाकडी फळी नेली आणि तिच्यावर उभी राहून बाटल्या भरायला लागले, म्हणजे खांदा उचलावा लागत नाही. पहिल्या दिवशी बायका फिदीफिदी हसल्या. आठवड्याने शेजारची म्हणाली, "माझ्या पण खांद्यात कळ येते गं. जरा सरक, मला उभं राहून बघू दे."

मी सरकले.