मामांच्या भिंतीवरच्या सनदा

आमच्या मामेसासऱ्यांइतका अमेरिकेवर चिडलेला माणूस साऱ्या जर्मनीत सापडायचा नाही, आणि अमेरिकेला ते जन्मात एकदाही गेलेले नाहीत. नेकारसुल्मच्या मोटारींच्या कारखान्यात उभी हयात काढलेल्या या माणसाच्या घरात एक भिंत मोकळी नाही. जिकडे पाहावं तिकडे काचेच्या चौकटीत जुन्या अमेरिकेतल्या जमिनीच्या सनदा. कातड्यावर लिहिलेल्या, मोहोर लावलेल्या. सरकारनं अमक्या शिपायाला, तमक्या साहेबाला इतके एकर बहाल केले असं सांगणाऱ्या. लोक असल्या वस्तू कौतुकानं जमवतात, मामा रागानं जमवतात. लिलावातून सनद आणायची, खिळा ठोकायचा आणि रोज सकाळी चहाचा कप हातात घेऊन तिला झापायचं. "देणारा हा कोण लागून गेला? याच्या बापाची जमीन होती का?" सर्वांत बड्या हुद्देदाराची सही असलेली सनद त्यांनी संडासाच्या दाराशेजारी लावली आहे. लग्नानंतर पहिल्यांदा जेवायला गेलो तेव्हा मी नुसतं "छान आहे हो" म्हणालो, तर आमटी गार होईपर्यंत ऐकून घ्यावं लागलं. "छान? अहो जावईबापू, वाचा तरी आधी."

वाचलं. या सनदांत हद्द झाडांवरून सांगतात. पांढऱ्या ओकपासून निघा, ओढ्याच्या काठानं अक्रोडापर्यंत जा, तिथून वळा. मामांचं खरं दुखणं इथेच. "मोजणीवाल्याला झाड दिसलं, ओढा दिसला. तिथं पिढ्यान्‌पिढ्या राहणारी माणसं तेवढी दिसली नाहीत. कुठे आहे त्यांचं नाव? दाखवा मला." हे त्यांनी आमच्या लेकीच्या वाढदिवसाला, केक कापायच्या आधी, सगळ्या पाहुण्यांना ऐकवलं. तेव्हापासून ती त्यांना दारातच जर्मनमध्ये विचारते, "आजोबा, आज किती एकर?" मलाही त्या रागाचा वैताग आला होता, खोटं कशाला सांगू.

मामा चिडत नसत अशी एकच जागा होती. श्रेबरगार्टन, म्हणजे बागवाल्यांच्या संघाकडून भाड्यानं मिळणारा बागेचा तुकडा. त्याच्या कोपऱ्यात आमच्या जर्मन मामींनी अक्रोड लावला होता. रविवारी मामी त्या झाडाखाली शेंगा सोलत बसायच्या आणि मामा चक्क गप्प बसायचे. मामी गेल्या, तरी मामा खुर्च्या दोनच मांडत राहिले. मग संघाला नवे अध्यक्ष आले आणि नियमावलीत अक्रोड बसत नाही, असं निघालं. पानगळ झाली की झाड तोडायचं.

मामांनी भिंतीवरची एक सनद उतरवली, टॉवेलात गुंडाळली आणि संघाच्या बैठकीत टेबलावर उघडली. "हे पाहा, इथे अक्रोड ही हद्द आहे. हद्दीचं झाड तोडणाऱ्याला काय म्हणतात ते मी सांगू का?" अध्यक्षांनी चष्मा पुसून सनद मनापासून पाहिली. "आल्झो, म्हणजे, फारच सुंदर," ते म्हणाले, "पण हा नियम आपल्या सगळ्यांसाठी आहे." मामा मराठी, जर्मन आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांतून कडाडले. मला ओशाळं व्हायला हवं होतं, पण त्या दिवशी पहिल्यांदाच माझीही कानशिलं तापली होती.

झाड गेलं. मामांनी आपण होऊन बाग सोडली. ताबा देताना कागद भरावा लागतो. अध्यक्ष लिहीत गेले. खोपटं एक, पाण्याचा पंप एक, सफरचंदाची झाडं दोन, अक्रोडाचं खोड एक.

"खोडापुढे लिहा," मामा म्हणाले, "की इथे माझी बायको बसायची."

अध्यक्ष कागद उलटसुलट करून बघू लागले. माणूस वाईट नव्हता. "त्याला यात रकाना नाही हो," ते हळूच म्हणाले.

आता स्फोट होणार म्हणून मी मामांचा दंड धरला. मामांनी खोडाकडे पाहिलं.

"गेनाऊ. अगदी बरोबर," ते म्हणाले, आणि सही केली.

परतताना गाडीत मीच ओरडत होतो. संघावर, नियमावर, त्या रकान्यावर. मामा मांडीवर बागेतली ती दुसरी खुर्ची घडी करून धरून बसले होते. "जावईबापू," ते म्हणाले, "जरा हळू चालवा."