निधीसाठी खोकला

"बाबा, साहेबांना जरा खोकून दाखवा."

माझे मार्गदर्शक सर असं म्हणाले. अगदी गोड आवाजात. पाहुणे आले की लहान मुलाला कविता म्हणायला लावतात ना, तसं. आणि माझे बाबा खोकले. त्यांना खोकला काढावा लागत नाही, वाट दिली की तो येतो. एकदा सुरू झाला तो थांबेना. छातीवर हात दाबून ते वाकले. समोर सरकारी संस्थेतून आलेले साहेब होते. नव्या उद्योगांना आणि संशोधनाला निधी देणारी राज्य सरकारची संस्था. साहेबांनी मान हलवली. "व्हेरी पॉवरफुल," म्हणाले. सोबतच्या मॅडमनी मोबाइलवर व्हिडिओ काढला. मी माझ्या यंत्राशेजारी उभी होते. त्याचं बटण दाब असं कुणी सांगितलंच नाही.

बाबा अंबरनाथ एमआयडीसीत प्लेटिंगच्या शेडमध्ये होते. नळाच्या तोट्या, कड्या, बिजागऱ्या ॲसिडच्या टाकीत बुडवून चकचकीत करायच्या. टाकीतून वाफ येते. आधी नाकाला झोंबते. मग सवय होते, झोंबायची थांबते, आणि खरा घात तिथून सुरू होतो. त्यावर शेडचा इलाज ठरलेला. पाळी सुटली की प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा. गुळाने छाती साफ होते, असं शेठ म्हणायचा, मुकादम म्हणायचा, बाबाही म्हणायचे. बारवीकडच्या वाडीवरून कामाला आलेल्या माणसाला ते खरं वाटलं, याचं मला नवल नाही. पण बाबा तो खडा रुमालात बांधून आम्हा भावंडांसाठी घरी आणायचे. औषध म्हणून मिळालेला गूळसुद्धा स्वतः खायचे नाहीत.

मी पॉलिटेक्निकमधून इन्स्ट्रुमेंटेशनचा डिप्लोमा केला. उल्हासनगरात, कॅम्प पाचमधल्या आमच्या खोलीच्या पोटमाळ्यावर बसून यंत्र बनवलं. साधं आहे. टाकीच्या काठावर बसतं. वाफ वाढली की भोंगा वाजवतं आणि पंखा चालू करतं. भोंगा वाजला की माणसाने मागे व्हायचं, एवढंच. बाबांच्या शेठला नेऊन दाखवलं. माणूस वाईट नाही, चहा पाजला. म्हणाला, "बेटा, गुड़ देता हूँ ना सबको. इसका क्या काम?"

मग या निधीबद्दल कळलं. योजना चांगली आहे, उगाच खोटं कशाला बोलू. कल्पना घेऊन या, नमुना बनवायला सरकार पैसे देईल, वर एक मार्गदर्शकही देईल. मला एका कॉलेजातले सर मिळाले. पहिल्याच भेटीत त्यांनी आडनाव विचारलं, वाडीचं नाव विचारलं आणि खूश झाले.

"तुमच्यासारख्यांसाठीच तर आहे ही योजना."

यंत्र उघडून पाहिलं नाही. म्हणाले, "टेक्नॉलॉजी सगळ्यांकडेच असते. तुमच्याकडे स्टोरी आहे."

स्टोरी म्हणजे माझा बाप.

पहिला हप्ता त्या खोकल्यावर मिळाला. मला सगळ्यात जास्त हेच टोचतं. यंत्र चालतं का, किती टिकतं, ओल्या शेडमध्ये गंजतं का, कुणी काही विचारलं नाही. त्यानंतर जिथे कार्यक्रम तिथे आमची दोघांची वरात. बाबांना कॉलेजचं चिन्ह छापलेला पांढरा सदरा दिलेला. पडद्यावर त्यांचा वाकलेला फोटो, खाली मोठ्या अक्षरांत 'लाभार्थी'. लोक टाळ्या वाजवायचे. खोकल्यावर टाळ्या. परत येताना रिक्षात बाबा विचारायचे, "बरा झाला ना आजचा?" मी हो म्हणायचे. दमले होते मी. भांडायलाही अंगात जीव लागतो.

दुसऱ्या हप्त्यासाठी मोठी समिती होती. तो मिळाला तर खऱ्या शेडमध्ये यंत्रं बसवून चाचणी करता येणार होती. चाचणीशिवाय कुठलाच कारखाना ती विकत घेणार नव्हता. म्हणजे हप्ता नाही तर सगळं पोटमाळ्यावरच संपणार होतं. त्या सकाळी सरांचा फोन आला.

"आज बाबांना औषध देऊ नका हं. जरा नॅचरल इफेक्ट हवा."

मी फोन ठेवला. इनहेलर घेऊन बाबांकडे गेले. ते तो पांढरा सदरा घालून भिंतीला टेकून बसले होते. ओठ काळेनिळे. श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मी इनहेलर पुढे केला तर त्यांनी तोंड फिरवलं.

"अगं, सर नको बोलले ना? कालपासून नाय घेतला मी."

सरांनी त्यांना आदल्या दिवशीच सांगून ठेवलं होतं. आणि हा माणूस पोरीचं काम व्हावं म्हणून रात्रभर तसाच बसून राहिला होता. मला रडू आलं नाही. किळस आली. सरांची आली, त्या टाळ्यांची आली, त्या सगळ्यात उभ्या असलेल्या माझीही आली. मी इनहेलर त्यांच्या तोंडाला लावला आणि ओढायला लावला. सदरा उतरवला. श्वास सावरल्यावर त्यांना अंथरुणावर निजवून, यंत्र पिशवीत घालून एकटी निघाले.

समितीचे अध्यक्ष माझ्या मागे दाराकडे बघत होते.

"वडील नाही आले?"

"घरी आहेत."

"मग आज आम्हाला काय दाखवणार?"

"यंत्र."

मी सोबत आणलेल्या ॲसिडच्या छोट्या बाटलीचं झाकण उघडून ती यंत्राजवळ धरली. भोंगा वाजला. छोट्या एसी खोलीत फारच जोरात वाजला. कुणी कानावर हात ठेवले, कुणी नाकावर रुमाल. "बंद करा, बंद करा!" अध्यक्ष म्हणाले. मग घसा साफ करून म्हणाले, "पण लाभार्थ्याशिवाय आम्हाला इम्पॅक्ट कसा कळणार?"

"इथे लाभार्थी कुणी नाही, साहेब. मी अर्जदार आहे. यंत्राबद्दल विचारा."

त्यांनी विचारलं नाही. माझा हप्ता प्रलंबित ठेवला. बाहेर व्हरांड्यात सर म्हणाले, "स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलात तुम्ही. अजून वेळ गेलेली नाही. बाबांचा एक व्हिडिओ पाठवा, मी सांभाळून घेतो."

मी "नाही" म्हटलं. एवढंच म्हटलं. जास्त बोलायची ताकद नव्हती.

दुसऱ्या दिवशी मार्गदर्शक म्हणून त्यांचं नाव काढायला मी संस्थेला लिहिलं. निधी मात्र सोडलेला नाही. तो काही सरांच्या घरचा नाही. शेडमध्ये वाफ ओढणाऱ्यांचाही त्या पैशावर हक्क आहे. मी पुन्हा अर्ज करणार. नाकारला तर पुन्हा. दर वेळी यंत्र घेऊन जाणार, एकटी. मोडलेला माणूस समोर पाहिल्याशिवाय ज्यांना काही पटत नाही, त्यांना मी माणूस दाखवणार नाही.