काठावरचे मास्तर

श्री. सदाशिवराव चिकणे यांनी पहिल्या भेटीत मला पाण्यात उतरूच दिलं नव्हतं. त्यांच्या पंचाहत्तरीनिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात चार शब्द लिहिण्याचा मान मला मिळाला आहे, तेव्हा सुरुवात त्या अडवणुकीपासूनच केलेली बरी.

मी सलीम मुजावर, सांगलीचा. नळ, पाइप आणि मोटारींचं माझं दुकान आहे. लेखनाचा संबंध बिलापुरता. सांगलीच्या कयाक मंडळात मी तेव्हा नवा होतो आणि माझी कयाकही नवी कोरी होती. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो, कयाक म्हणजे एका माणसापुरती निमुळती होडी. तीत बसून दोन्ही टोकांना पाती असलेलं वल्हं मारायचं आणि गळ टाकून मासे धरायचे, हा आमचा छंद. दरवर्षी थंडीत वाईचं मंडळ आणि आमचं मंडळ मिळून धोम धरणाच्या पाण्यावर स्पर्धा घेतात. त्या वर्षी मी उजाडायच्या आत पोचलो, गाडीच्या टपावरून कयाक उतरवली आणि ऐटीत पाण्याकडे निघालो. वाटेत कानटोपी घातलेले एक उंच गृहस्थ आडवे आले.

"शिट्टी कुटं हाय?"

लाइफ जॅकेटला शिट्टी बांधायची असते, असं नियमावलीत होतं खरं. माझी घरी राहिली होती. मी म्हणालो, "शिट्टी राहिली, पण मला पोहता येतं."

"पवायला येतंय ते खरं. पर धुक्यात तुमी दिसाय पायजे न्हवं? शिट्टी न्हाई तर पाणी न्हाई."

मी हुज्जत घातली. मी सांगलीहून एवढा आलो, फी भरली, वगैरे वगैरे. त्यांच्यावर काडीचा परिणाम झाला नाही. मी रुसून दगडावर बसलो. थोड्या वेळानं ते स्वतःच आले, खिशातून बुटाच्या नाडीला बांधलेली एक जुनी पितळी शिट्टी काढली, पाण्यात खळखळून धुतली आणि माझ्या गळ्यात घातली. म्हणाले, "वाजवून दाखवा." मोठ्या माणसानं एवढ्या लोकांत पोरासारखी शिट्टी वाजवायची, मला लाज वाटली, पण वाजवली.

सगळे त्यांना मास्तर म्हणत होते, म्हणून मला वाटलं, शाळेतले असतील. नंतर कळलं की ते एस.टी.त कंडक्टर होते. आमच्याकडे कंडक्टरला मास्तरच म्हणतात. वाई–महाबळेश्वर रस्त्यावर त्यांची सगळी नोकरी गेली. पसरणीच्या घाटात पाऊस असो, धुकं असो, गाडी मागं घ्यायची वेळ आली की खाली उतरून शिट्टीवर ड्रायव्हरला वाट दाखवणारे ते. माणसं मोजल्याशिवाय त्यांनी कधी घंटी ओढली नाही, असं वाईचे जुने प्रवासी आजही सांगतात.

हीच रीत त्यांनी पाण्यावर आणली, आणि दोन्ही मंडळांवर त्यांचे सगळ्यांत मोठे उपकार कोणते म्हणाल तर हे. थंडीत धोमच्या पाण्यावर असं धुकं बसतं की स्वतःच्या कयाकचं टोक दिसत नाही. तेव्हा मास्तर काठावरून अधूनमधून एक लांब शिट्टी देतात. पाण्यावरच्या प्रत्येकानं आपल्या नंबराप्रमाणे एकेक शिट्टी देऊन उत्तर द्यायचं. सगळ्यांची उत्तरं आली की मास्तर दोन आखूड शिट्ट्या मारतात. एस.टी.तली डबल घंटी, म्हणजे चालू द्या. एखाद्याचं उत्तर आलं नाही तर ते पुन्हा लांब शिट्टी देतात. लांब शिट्टी थांबलीच नाही, तर कुणीतरी हरवलं असं समजून सगळ्यांनी गळ गुंडाळून काठाला यायचं. इतका साधा नियम, पण त्याच्या जिवावर आमच्या घरची माणसं निर्धास्त झोपतात.

मास्तर शिस्तीचे कडक आहेत. आमच्या स्पर्धेत मासा मोजपट्टीच्या फळीवर ठेवून फोटो काढायचा आणि लगेच पाण्यात सोडायचा असतो. आमच्याच मंडळातल्या एका गृहस्थांना एकदा मोठी मरळ लागली. त्यांनी काठावर येऊन तिला हातात धरून एकामागून एक फोटो काढून घेतले. मास्तर शांतपणे म्हणाले, "तिला सोडा. आन् आता तेवढाच येळ तुमी तोंड पाण्यात घाला, मी फोटो काडतो." मासा बाद झाला. गृहस्थ चिडले, जेवायला थांबले नाहीत. पुढच्या वर्षी मात्र मुकाट्यानं आले.

खरं सांगायचं तर कयाक हा एकट्या माणसांचा खेळ आहे. तीत दुसऱ्याला जागाच नसते. माझ्या घरात माणसांचा राबता, दुकानात गिऱ्हाइकांचा. मी एकटा बसायला मिळावं म्हणून पाण्यावर जातो. आमच्यातले बहुतेक जण त्यासाठीच जातात. मास्तर तिथं का येतात, हे समजायला मला बरीच वर्षं लागली.

माझे अब्बा सांगलीच्या दवाखान्यात होते तेव्हाची गोष्ट. मी मास्तरांना कळवलंही नव्हतं. एका सकाळी वॉर्डाबाहेरच्या बाकावर ते बसलेले दिसले. वाईहून निघून, कराडला गाडी बदलून आले होते. मांडीवर संत्र्यांची पिशवी. दिवसभर ते अब्बांपाशी बसून राहिले, संत्र्याच्या फोडींवरचे धागे काढून एकेक फोड त्यांच्या हातात देत होते. दोघांचं बोलणं फारसं झालं नाही. संध्याकाळी मी म्हणालो, "मास्तर, एवढ्या लांब कशाला त्रास घेतलात?"

"आवं, तरास कसला? घरी तरी कोण हाय?"

ते सहज बोलून गेले. मला मात्र घरी जाईपर्यंत ते वाक्य सोडेना. पुढे मी त्यांच्या घरी गेलो तेव्हा घर पाहिलं. काकू जाऊन बरीच वर्षं झाली आहेत. मुलगा सुरतेला नोकरीला आहे, चांगला आहे, दर रविवारी फोन करतो. स्वयंपाकघरात एक ताट, एक तांब्या, एका माणसापुरतं भाताचं पातेलं. दाराजवळच्या खिळ्याला शिट्टी टांगलेली. बाकी सगळं जागच्या जागी आणि स्वच्छ. धोमच्या काठावर चहाची टपरी चालवणाऱ्या बाईंनी मला सांगितलं, "स्पर्धा आसू न्हाईतर नसू, मास्तर रोज येत्यात. चा घेत्यात, पाण्याकडं बगत बसत्यात आन् जात्यात."

आता मागच्या थंडीतल्या स्पर्धेविषयी लिहिणं भाग आहे. त्यावर मंडळात बरीच कुजबुज झाली आहे, तेव्हा एकदा सरळ सांगून टाकतो.

धुकं दाट होतं. मास्तरांची लांब शिट्टी आली, आम्ही नंबराप्रमाणे उत्तरं दिली. मला सगळ्यांची ऐकू आली. पण डबल शिट्टी येईना. पुन्हा लांब शिट्टी आली. आम्ही पुन्हा उत्तरं दिली. पुन्हा लांब. माझ्या गळाला तेव्हा चांगलं जड काहीतरी लागलं होतं आणि मी मनातल्या मनात करंडक घरच्या कपाटात ठेवून मोकळा झालो होतो. पण शिट्टी थांबेना, तेव्हा वाटलं, उत्तरं मोजण्यात माझीच चूक झाली असेल. आमच्यातलं कोण गेलं? जो तो शेजारच्याला हाका मारायला लागला. गळाचा दोर कापून मी काठाकडे वल्हं मारत सुटलो.

काठाजवळ आलो तर मास्तर छातीइतक्या पाण्यात. टपरीच्या बाईंच्या नवऱ्याची जुनी होडी ते एकटे पाण्यात ढकलत होते. गुडघे धड नाहीत, अंगात स्वेटर तसाच, तोंडात शिट्टी. आम्हाला शोधायला निघाले होते. आम्ही त्यांना धरून वर आणलं. त्यांनी आम्हाला ओळीनं उभं केलं आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. सगळे होते.

"कुणीच उत्तर का दिलं न्हाई रं?" ते म्हणाले.

आम्ही एकमेकांकडे पाहिलं. शेवटी आमच्यातलं कुणीतरी हळूच म्हणालं, "मास्तर, आम्ही दिलं होतं."

मास्तरांनी गळ्यातली शिट्टी काढून माझ्या हातात ठेवली आणि ओल्या कपड्यांनी घरी निघून गेले. त्या दिवसापासून ते धोमच्या काठावर आलेले नाहीत. टपरीवरचा चहासुद्धा बंद.

डॉक्टरांनी सांगितलं, वयानं उंच पट्टीचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. समोर बसून बोललेलं कळतं, शिट्टी कळत नाही. मुलानं सुरतेहून येऊन कानाचं यंत्र घेऊन दिलं, पण उघड्यावर वाऱ्यात त्यात नुसती खरखर वाजते. आम्हीही डोकं चालवलं. कुणीतरी सुचवलं, शिट्टीऐवजी रबरी फुग्याचा भोंगा वापरू, त्याचा आवाज जाड असतो. मी हौसेनं एक घेऊन गेलो आणि त्यांच्या अंगणात वाजवून दाखवला. मास्तर म्हणाले, "स्पर्धा हाय का कुल्फीची गाडी?" भोंगा परत दुकानात आला, माझी नात खेळते त्याच्याशी.

वाईच्या मंडळातल्या तरुण मंडळींचं म्हणणं असं की आता मोबाइलवर प्रत्येकाची जागा दिसते, काठावर माणूस हवाच कशाला. त्यांचं चूक नाही. मोबाइल ठेवावेत, आम्ही ठेवलेच आहेत. पण घरात बसून राहिलेल्या मास्तरांचं काय, याचं उत्तर त्या मोबाइलमध्ये नव्हतं. मला ते सहन होईना. वर्ष पुरं व्हायच्या आत माणूस अर्धा झाला होता.

पंचाहत्तरीचा समारंभ स्पर्धेच्या दिवशी धोमच्या काठावरच करायचा, असं मंडळांनी ठरवलं आणि निमंत्रण घेऊन मला पाठवलं. मास्तरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "शाल घरी पाटवा. मी काटावर येनार न्हाई."

"मास्तर, या वर्षी मी स्पर्धेत उतरत नाही," मी म्हणालो. "तुमच्या मागं उभा राहतो. तुम्ही शिट्टी द्या. पाण्यावरून एक उत्तर आलं की मी तुमच्या खांद्यावर एकदा हात ठेवीन. उत्तर आलं नाही तर हात नाही. तुमची नजर पाण्यावर, मान वळवायला नको, काही नको."

"मला कुनाची दया नको, मुजावर."

"दया कसली? तुमच्याइतकी लांब शिट्टी आमच्यात कुणाला जमत नाही. तेवढे कान माझे घ्या. मला तसंही कुठं करंडक मिळतोय?"

मास्तरांनी उठून दोघांसाठी चहा टाकला. कप एकच जागेवर होता, दुसरा शोधायला त्यांना वेळ लागला. चहा पिताना खाली बघत म्हणाले, "एकदा करून बगू. जमलं न्हाई तर पुन्हा इषय काडायचा न्हाई."

गेल्या रविवारी आम्ही करून पाहिलं. वाईच्या काही मंडळींनी धुक्यात कयाक सोडल्या. मी मास्तरांची शिट्टी परत त्यांच्या गळ्यात घातली, तेव्हा त्यांनी ती आधी नीट धुतली का म्हणून विचारलं. टपरीच्या बाई चहा तसाच ठेवून बाहेर येऊन उभ्या राहिल्या. मास्तरांनी छाती भरून लांब शिट्टी दिली. पाण्यावरून पहिलं उत्तर आलं. मी हात ठेवला. स्वेटरखाली खांद्याची हाडं लागली. दुसरं उत्तर आलं, मी हात ठेवला. तिसरं येईना. माझा हात वर तसाच थांबला. मास्तरांनी हात न लागल्याचं ओळखलं आणि पुन्हा लांब शिट्टी दिली. पहिल्या दोघांनी परत उत्तरं दिली आणि आता तिसऱ्याचंही आलं. त्याच्या पाठोपाठ चौथं आणि पाचवं. प्रत्येकाला मी हात ठेवला. मग मास्तरांनी दोन आखूड शिट्ट्या मारल्या.

काम झालं म्हणून मी हात काढून घेतला. पाण्याकडेच बघत ते म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जरा."

मी हात पुन्हा ठेवला. धुकं विरेपर्यंत आम्ही तसेच उभे होतो.

त्यांना भरपूर आयुष्य लाभावं म्हणून मी अल्लाकडे मागतो. वाईकर मंडळी आपल्या गणपतीकडे मागतीलच. त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत, छातीतला दम असाच राहो, सुरतेचा फोन रविवारखेरीज इतर दिवशीही येवो. कानांची काळजी त्यांनी करू नये. येत्या स्पर्धेत मास्तर काठावर उभे असतील आणि त्यांच्या मागं मी असेन. शेवटची कयाक काठाला लागली तरी मी हात लगेच काढणार नाही.