आठव्या क्लिपमधला राऊंड

नोकरीत कितीतरी गुन्हे हाताखालून गेले, पण भिगवणला सापडलेल्या त्या पत्र्याच्या डब्याचा गुन्हा अजून मनातून हलत नाही. त्यात खून नव्हता, दरोडा नव्हता, कोणाला साधा ओरखडाही उठला नव्हता. वर्तमानपत्रात चार ओळी आल्या आणि लोक विसरले. मी न विसरण्याचे कारण मी आजवर कोणाला सांगितलेले नाही. पत्नी असती तर तिला सांगितले असते. आता बारामतीच्या घरात मी एकटाच असतो, आणि कागदाला सांगणे त्यातल्या त्यात सोपे वाटते.

मे महिन्याची सुरुवात होती. सकाळची हजेरी नुकतीच संपली होती. ठाणे अंमलदार रात्रीच्या नोंदी वाचून दाखवत असताना भिगवणच्या एका खानावळवाल्याचा फोन आला. हा माझा जुना खबऱ्या. बोलायला लागला की थांबायचा नाही, पण खोटे कधी बोलला नाही.

"साहेब, हितं एका मच्छीवाल्याला गाळात डबा गावलाय. आत बंदुकीच्या गोळ्या हायत. गडी माझ्या बाकड्यावर बसलाय, लटलटा कापतोय."

"डब्याला हात लावू नका," मी म्हणालो.

"मी कशाला लावतोय? मी डब्याकडं पाठ करूनच फोन केलाय."

उन्हाळ्यात उजनीचे पाणी मागे सरकते आणि मैलभर भेगाळलेला गाळ उघडा पडतो. त्या गाळाच्या कडेला जाळे ओढताना डबा अडकला होता. बिस्किटांचा मोठा डबा. झाकणाच्या कडेने मेण ओतलेले, त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी घट्ट ताणून बसवलेली. आत मेणकापडाच्या आठ पुड्या होत्या. प्रत्येक पुडीत थ्री नॉट थ्री रायफलची काडतुसे, चार्जर क्लिपमध्ये भरलेली.

ही क्लिप म्हणजे पत्र्याची बोटभर पन्हळ. तिच्यात पाच काडतुसांची बुडे अडकवून ठेवतात. रायफलचा बोल्ट मागे ओढायचा, क्लिप खाचेत टेकवायची आणि अंगठ्याच्या एका दाबात पाचही काडतुसे मॅगझिनमध्ये उतरवायची. आम्ही काडतुसाला राऊंड म्हणतो. सात क्लिपा पूर्ण भरलेल्या होत्या. आठवीत चारच राऊंड होते. एकूण एकोणचाळीस. पंच बोलावले, पंचनामा केला, मुद्देमाल सील केला. सगळे राऊंड कोरडे ठणठणीत होते. आमच्या ठाण्याच्या शस्त्रागारातही एवढी निगा राखलेली मी पाहिली नव्हती.

ठाण्यात आल्यावर तर्कांना ऊत आला. एकाला वाळूउपशावाल्यांची टोळी दिसली, दुसऱ्याला बाहेरच्या राज्यातली माणसे. एक तरुण फौजदार मासेमाराला खाक्या दाखवायला उतावळा झाला होता. मी त्याला बाहेर पाठवले आणि मासेमाराला चहा दिला.

"साहेब, मला लपवायचाच असता तर मी डबा खानावळीत घिऊन आलो असतो का?" तो म्हणाला. "मला वाटलं, कुणीतरी दागिनं बुडवल्यात. माझं जाळं तितंच पडलंय. कुणी उचललं तर मी खाऊ काय?"

ज्याला त्या परिस्थितीत जाळ्याची काळजी असते तो काडतुसांचा धंदा करत नाही. माणसाची भीती कशाची आहे हे नीट ऐकले की निम्मा तपास होतो. दुपारी त्याला मी आमच्याच जीपने परत सोडले.

राऊंडांच्या बुडावर कारखान्याचे आणि लॉटचे शिक्के असतात. पत्रव्यवहार केला. उत्तर आले ते वाचून मी खुर्चीत मागे टेकलो. हा लॉट अनेक वर्षांपूर्वी आमच्याच जिल्हा पोलिसांना मिळाला होता. सरावात किती उडवले, रिकाम्या पुंगळ्या किती परत जमा झाल्या, सगळे जुळत होते. नोंदीप्रमाणे एकही राऊंड कमी नव्हता. म्हणजे जे कोणाचे हरवलेच नव्हते ते माझ्या मुद्देमालाच्या खोलीत पडले होते.

प्रयोगशाळेत पाठवण्याआधी पंचांसमोर सील उघडून मी क्लिपा पुन्हा बघितल्या. एका क्लिपमध्ये राऊंडांच्या बुडामागे काहीतरी पिवळट दिसले. चिमट्याने ओढले. काडेपेटीच्या पुठ्ठ्याची नखाएवढी चिपटी होती. मग बाकीच्या सात पाहिल्या. प्रत्येकीत तशीच चिपटी. पंच म्हणाले, "साहेब, घाम आलाय तुमाला." मी पंख्याकडे बोट दाखवले, पण पंखा सुरू होता.

कारण हे करणारा एकच माणूस मी आयुष्यात पाहिला होता.

मी नवाकोरा फौजदार असताना शस्त्रागारावर एक हवालदार होते. सगळे त्यांना आबा म्हणत. शस्त्रागाराची नोकरी एकट्याची असते. गजांचे दार, आत तेलाचा वास, आणि दिवसभर बोलायला रायफली. जुन्या क्लिपा सैल होतात आणि राऊंड निसटतात, म्हणून आबा त्यात चिपटी सारत. मला त्यांनीच क्लिप भरायला शिकवले. तीन बुडे खाली, दोन वर. पेट्या जमिनीवर टेकवायच्या नाहीत, भिंतीला लावायच्या नाहीत. जुना लॉट आधी वापरायचा. ओल म्हणजे राऊंडाचा मृत्यू, असे ते म्हणत.

त्याच वर्षी बारामतीबाहेरच्या एका माळावर गोळीबाराचा सराव होता आणि मी प्रभारी होतो. शेवटी मोजणी केली तर एक जिवंत राऊंड कमी. राऊंड हरवणे म्हणजे निलंबन आणि चौकशी, आणि माझी तर अजून परिवीक्षेची मुदत चालू होती. चाळीस माणसे गुडघ्यांवर बसून गवत चाचपत होती. कुसळांनी हात सोलले. दुपार उलटली. तेवढ्यात लांबून आबांनी हात वर केला. "गावला, साहेब." तो राऊंड त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला. मी त्यांचे आभारही धड मानले नाहीत, एवढा सुटलो होतो.

चिपटी सापडली त्याच दुपारी मी आबांच्या गावी, कळंबला गेलो. साधे कपडे, बरोबर एक शिपाई, आणि जीप रस्त्यावरच उभी. उसाच्या मागे दोन खोल्यांचे घर. आबा ओसरीवर बसून विळा घासत होते. म्हातारे झाले होते, पण कानाखाली केस तसेच बारीक कापलेले.

"साहेब, तुमी?" ते उठले. "कुणीतरी येनार ठाव हुतं. तुमी याल असं वाटलं न्हवतं."

शिपायाला मी अंगणातच थांबवले. कागदाच्या घडीतली चिपटी बाजेवर ठेवली. आबांनी ती उचलून उजेडात धरली.

"क्लिपा सैल हुत्या सगळ्या," ते म्हणाले. जणू प्रश्न तेवढाच होता.

"आबा, डबा तुम्ही टाकलात?"

"व्हय. दिवाळीच्या आधी. तवा पानी पार काठापत्तूर हुतं."

"पण पाण्यातच टाकायचे होते, तर मेण कशाला लावले? सुटे फेकले असते तर गाळात जिरून गेले असते. कोणाला पत्ता लागला नसता."

"वल लागली असती की, साहेब."

बोलून झाल्यावर त्यांचे त्यांनाच कळले. त्यांनी मान वळवली. मला हसू आले आणि लगेच रडूही आले. चौकशीत असे कधी होऊ देऊ नये, हे मी कितीतरी पोरांना शिकवले होते.

पुढचे सगळे त्यांनी न विचारता सांगितले. सरावात एखाद्याने पाचऐवजी चारच झाडले की उरलेला राऊंड ते बाजूला ठेवत. कागदावर पाच झाडलेले, आणि पुंगळी मागच्या वर्षी मातीत राहिलेली उचलून भरायची. विकायला नाही, वापरायला नाही. कधी मोजणीत कमी पडला तर भरून काढायला हाताशी असावा, एवढ्याच धास्तीने. शस्त्रागारावर अशी धास्ती घेऊन झोपणारे ते एकटे नव्हते. निवृत्तीला मात्र डबा जमा करायची हिंमत झाली नाही. जमा केला असता तर इतकी वर्षे जास्तीचे कुठून आले, हे सांगावे लागले असते.

"बावीस वरीस त्यो डबा फळीवर हुता," ते म्हणाले. "बायको गेली. लेक म्हनायची, आबा, पोरांना सुट्टीला ठिवून घ्या. मी दोन दिसांच्या वर ऱ्हाऊ दिलं न्हाय. पोरं काय, फळीवर चढत्यात, डबं उघडत्यात. मग लेकीला राग आला. यायचीच थांबली. म्हनून टाकला."

बावीस वर्षे तो माणूस दार अर्धेच उघडून लोकांशी बोलत आला होता. गावात सगळे म्हणत, म्हातारा तिरसट आहे.

मी शेवटचा प्रश्न विचारला. तपास म्हणून विचारायलाच हवा होता. "आठव्या क्लिपमध्ये चारच का?"

आबांनी चिपटी परत कागदाच्या घडीत ठेवली. मग हळू आवाजात म्हणाले, "साहेब, त्या दिशी माळावर तुमचा राऊंड गावला न्हवता."

अंगणात शिपाई कोंबड्यांना हाकलत होता.

ठाण्यात आणून मी गुन्हा दाखल केला, अटक दाखवली. पोलिसांसमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही, तरी तपासाच्या कागदात तो लागतो. मी लेखनिकाला बाहेर बसवले आणि स्वतः लिहिला. मग नियमाप्रमाणे वाचून दाखवला. एकोणचाळीस राऊंड, आठ क्लिपा, डबा, मेण, सगळे. आबा हात गुडघ्यांवर ठेवून ऐकत होते, हजेरीला बसल्यासारखे.

वाचून संपल्यावर ते म्हणाले, "चाळीसावा लिवला न्हाय."

मी खाली बघितले. माझ्या निवृत्तीला अकरा महिने उरले होते. त्या एका ओळीने माझे फार काही बिघडले नसते, कदाचित चौकशी, कदाचित तेही नाही. पण माळावरच्या त्या दिवशी होतो तितकाच भित्रा मी अजून होतो, आणि ते आम्हा दोघांनाही एकाच वेळी कळले.

"ऱ्हाऊ द्या," आबा म्हणाले. "जबाब बरोबर हाय, साहेब."

दुसऱ्यांदा त्यांनी माझी कमी भरून काढली होती. या वेळी द्यायला त्यांच्याकडे राऊंडही नव्हता.

जामिनाला लेक आली. मी लांबूनच पाहिले. नंतर पावसाळा सुरू होण्याआधी कळंबला एकदा गेलो. ओसरीवर लहान चपलांचे दोन जोड होते. आबांनी मला आत नेले, फळीवरची मोकळी जागा दाखवली आणि म्हणाले, "पोरं आठ दिस झालं हितंच हायत. घरात आता कायबी न्हाय." चहा त्यांनी स्वतः केला. मला माळाबद्दल बोलायचे होते. मी उसाबद्दल बोललो आणि उठलो. खटला उभा राहण्याआधीच, त्या हिवाळ्यात ते गेले. आरोपी मयत म्हणून प्रकरण बंद झाले. अंत्यविधीला मी गेलो नाही. कोणत्या तोंडाने जाणार?

या गुन्ह्याने काय शिकवले, असे कोणी विचारले तर मी आधी सांगायचो की नोंद जुळली म्हणजे खरी असतेच असे नाही. ते बरोबरच आहे, पण ते शिकायला भिगवणला जायची गरज नव्हती. मी शिकलो ते दुसरेच. घाबरलेला माणूस काहीतरी लपवतो आणि मग त्या लपवलेल्या वस्तूसाठी एकेक माणूस घराबाहेर ठेवत जातो. आबांनी निदान डबा पाण्यात टाकला. माझा अजून फळीवरच होता.

म्हणून ती राहिलेली ओळ आज लिहितो. आठव्या क्लिपमधला पाचवा राऊंड हवालदारांनी मला दिला होता. माझा हरवलेला राऊंड अजून त्या माळावरच्या गवतात कुठेतरी पडलेला असेल.