अप्पांचा येगळा होला

किस्से कुणी ठरवून जमवत नाही. कोपऱ्यात ज्वारीचं पोतं ठेवलं की उंदीर आपोआप येतात, तसं आमच्या परसात कॅमेरा आला आणि किस्से जमत गेले.

आम्ही येडशीचे. परसात शेवग्याला माझ्या बायकोनं, सुनंदानं, तेलाच्या डब्याचं झाकण टांगलंय. त्यात रोज सकाळी मूठभर ज्वारी. होले येतात, चिमण्या येतात, खाली सांडलेलं शेजारच्या कोंबड्या खातात. एका थंडीत माझे वडील, अप्पा, म्हणाले, "आज येगळा होला आलता. मोठा. तांबूस. आपल्यातला न्हाय."

अप्पांचं वय चौऱ्याऐंशी, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. आदल्याच दिवशी माझ्या मेव्हण्याला गॅसवाला समजून त्यांनी रिकामी टाकी दाखवली होती. सुनंदा "हो का" म्हणाली आणि भाकरी थापायला गेली.

आता बघा, बांधाची भांडणं ज्यांच्या एका शब्दावर मिटायची, त्या माणसाला घरातच "हो का" ऐकावं लागलं. अप्पा दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. मला लई वाईट वाटलं. म्हटलं, फोटो काढूनच दाखवायचा.

*

फोटो काढायला मुजीबभाई. माझा शाळेपासूनचा दोस्त, पंचवीस वर्षं लग्नाचे फोटो काढतोय. पहाटे येऊन त्यानं ट्रायपॉड लावला, मला हलायचं नाही म्हणून दम दिला. तासाभरानं होल्यांची जोडी झाकणावर उतरली. मुजीबभाई म्हणाला, "जरा इकडं बघा."

जोडी उडाली. दुसऱ्या दिवशी त्यानं तोंड बंद ठेवलं, पण हातानं दोघांना जवळ सरकायची खूण केली.

*

मग लपून बसायचं ठरलं. सुनंदाची जुनी वाकळ पांघरून आम्ही दोघं शेवग्यासमोर बसलो, भोकातून फक्त लेन्स बाहेर. शेजारच्या कमलकाकूंनी कुंपणावरून पाहिलं, त्यांना वाटलं दोघांनाही हुडहुडी भरलीय. त्या काढा घेऊन आल्या. होले गेले ते गेलेच, काढाही संपवावा लागला. काकू पेला परत न्यायला उभ्याच होत्या.

*

आठव्या दिवशी तो आला. मोठा, तांबूस. मुजीबभाईनं एकच फोटो काढला, पण काढला. संध्याकाळी प्रिंट घेऊन आला. अभयारण्यातले वनरक्षक मस्के माझ्या ओळखीचे, त्यांनाही बोलावलं. अप्पा कान देऊन बसले होते.

मस्केंनी प्रिंट उजेडात धरली. म्हणाले, "सर, हा साधाच होला आहे. तुम्ही म्हणता तसा मोठा, तांबूस पाहुणा असेल तर मानेवर काळ्या-पांढऱ्या रेघा लागतात."

"होत्या की," मुजीबभाई म्हणाला. "डाग समजून काढल्या. रंग पण जरा उजळ केला."

मूळ फोटो कुठं आहे विचारलं, तर तो पुसलेला. लग्नात मूळ फोटो कुणी मागत नाही म्हणे. अप्पांनी भिंतीकडं तोंड केलं. त्या रात्री ते जेवले नाहीत.

*

येळवशीला, म्हणजे वेळ अमावास्येला, आमच्याकडं गाव ओस पडतं. झाडून सगळे शेतावर. मिसळ भाज्यांची भज्जी आणि ताकातली आंबिल सोडून त्या दिवशी घरी राहिलेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर भांडलेला. मी आणि मुजीबभाई धडधाकट होतो आणि कुणाशी भांडलोही नव्हतो. सुनंदानं आम्हा दोघांकडं पाहिलं, अप्पांना टेम्पोत पुढं बसवलं आणि गेली.

गावात चिटपाखरू नव्हतं. दुपारी तो आला आणि निवांत दाणे टिपत बसला. मुजीबभाईनं चाळीस फोटो काढले. संध्याकाळी मस्केंनी पाखरांचं पुस्तक काढून ताडून पाहिलं. म्हणाले, हिवाळी पाहुणा आहे, इकडं क्वचितच दिसतो. भज्जी तेवढी हुकली. सुनंदानं आमच्यासाठी मुद्दाम आणली नव्हती.

*

पुढच्याच महिन्यात अप्पांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाली, काळा चष्माही सुटला, त्या दिवशी मुजीबभाईनं फोटो मोठा करून, फ्रेम करून आणला. सवयीनं कोपऱ्यात गुलाब टाकले होते, पण पाखराला हात लावला नव्हता. मस्के आले. कमलकाकू आल्या. सुनंदानं फ्रेम अप्पांच्या हातात दिली आणि सगळ्यांदेखत म्हणाली, "अप्पा, माझं चुकलं. तुम्ही बोलला ते खरंच होतं."

अप्पांनी फ्रेम खिडकीकडं धरली. जवळ घेतली, लांब धरली. मानेच्या रेघांवरून बोट फिरवलं. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडं बघत होतो.

"ह्यो बी चांगलाय," अप्पा म्हणाले. "पण म्या पायला त्यो ह्यो न्हाय."

मस्केंनी पिशवीत ठेवलेलं पुस्तक परत बाहेर काढलं. सुनंदा उठली, परसात गेली आणि झाकणात आणखी एक मूठ ज्वारी टाकून आली. मुजीबभाई ट्रायपॉडचे पाय उघडत होता.